तपासनिसाची नजर : अमेरिकेच्या १९८७ च्या नर्सिंग होम कायद्यावर भाष्य

आपल्याकडे 'नर्सिंग होम' अशी पाटी असली की आत दहा-पंधरा खाटांचे खाजगी रुग्णालय असते. अमेरिकेत ही पाटी वेगळ्या जागेवर लागते. वार्धक्याने, अपंगत्वाने किंवा स्मृतिभ्रंशाने ज्यांना चोवीस तास शुश्रूषा लागते त्यांचे ते राहण्याचे ठिकाण. कोणी खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे राहून घरी जातात, कोणी अखेरपर्यंत तिथेच राहतात. अशा सुमारे १५ हजार संस्था आणि त्यांत बारा लाखांच्या आसपास रहिवासी. बहुतेकांचा खर्च मेडिकेअर किंवा मेडिकेड या सरकारी योजना उचलतात, आणि पैसे देणारा या नात्याने केंद्र सरकार अटी घालते. त्या अटींचा आजचा पाया म्हणजे २२ डिसेंबर १९८७ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेला कायदा. तो आला अर्थसंकल्पाच्या जाडजूड बाडातून, आणि सामाजिक सुरक्षा कायद्यात कलम १८१९ व १९१९ ही जुळी कलमे होऊन बसला.

भाष्याला घेतलेल्या ओळी या कलमांतून निवडलेल्या आहेत. शब्दशः भाषांतर न देता त्यांचा आशय मराठीत दिला आहे, क्रम शक्यतो मुळाचा ठेवला आहे.

ओळींकडे वळण्यापूर्वी एक खटला सांगायला हवा, कारण त्याशिवाय या कलमांचा रोख कळत नाही. १९७५ साली कोलोराडोतल्या नर्सिंग होमच्या रहिवाशांनी सरकारवर दावा लावला. तक्रार अशी, की सरकार तपासणी करते खरी, पण काळजी मिळते की नाही हे पाहतच नाही. 'स्मिथ विरुद्ध हेकलर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दाव्यात १९८४ साली अपिलाचा निकाल रहिवाशांच्या बाजूने लागला. तपासनीस भरत असलेल्या सरकारी फॉर्मात ५४१ प्रश्न होते. त्यांपैकी रुग्णाच्या काळजीशी दुरून का होईना संबंध असलेले, किंवा ज्यांसाठी रुग्णाकडे पाहावे लागेल असे, प्रश्न होते ३०. बाकीचे इमारतीचे, समित्यांचे, लेखी धोरणांचे. संस्था काळजी देण्यास समर्थ आहे का, एवढेच फॉर्म विचारत होता. ती काळजी प्रत्यक्ष दिली जाते का, हे पाहणेही सरकारचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने ठरवले. पुढे १९८६ साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीचा अहवाल आला आणि त्यावर हा कायदा उभा राहिला. त्या ५४१ प्रश्नांना दिलेले उत्तर म्हणून पुढच्या ओळी वाचाव्यात.

ओळ १. संस्थेने रहिवाशांची काळजी अशा रीतीने आणि अशा वातावरणात घ्यावी, की प्रत्येक रहिवाशाच्या जगण्याचा दर्जा टिकेल किंवा उंचावेल.

पहिल्याच वाक्यात औषध नाही, मलमपट्टी नाही. कायदेमंडळे 'जगण्याचा दर्जा' असले शब्द सहसा प्रस्तावनेत ठेवतात, जिथे ते कोणाला बांधत नाहीत. इथे ते कलमात आले आणि कलमातून तपासणीत गेले. यामागे नागरिक संघटनांचा रेटा होता. १९८५ साली त्यांच्या राष्ट्रीय आघाडीने पंधरा शहरांतल्या चारशेहून अधिक रहिवाशांना एकत्र बसवून 'चांगली काळजी म्हणजे काय' असे विचारले होते. उत्तरांत सर्वांत वर आले ते कर्मचाऱ्यांचे वागणे, मग आपले आपण निवडण्याची मुभा, जेवण, वेळ घालवायला काहीतरी. तज्ज्ञांच्या यादीत या गोष्टी नेहमी तळाशी सापडतात.

'प्रत्येक' हे पद विधिकर्त्याने मुद्दाम घातले आहे. सरासरीने हे कलम पाळता येत नाही. शंभरांपैकी नव्वद जण सुखात आहेत, हा बचाव उरलेल्या दहांच्या बाबतीत निरुपयोगी ठरतो.

ओळ २. प्रत्येक रहिवाशाचे शारीरिक, मानसिक व मनोसामाजिक स्वास्थ्य शक्य तितक्या उच्च पातळीला नेण्यासाठी वा तेथे राखण्यासाठी, लेखी काळजी-योजनेनुसार सेवा द्याव्यात.

पूर्वपक्ष असा: नव्वदीतला माणूस खचत जाणारच. त्याचे स्वास्थ्य 'राखण्याची' सक्ती म्हणजे निसर्गाविरुद्ध हुकूम. मग संस्थेला कायमचे दोषीच धरायचे का?

याचे उत्तर नियमांत आहे. शक्य तितके म्हणजे त्या माणसाच्या आजाराच्या मर्यादेत शक्य तितके. उदाहरण बेडसोअरचे घ्यावे. बेडसोअर नसलेला माणूस दाखल झाला आणि पुढे त्याच्या माकडहाडावर जखम झाली, तर ती टाळता येण्यासारखी नव्हती हे त्याच्या प्रकृतीवरून दिसले पाहिजे. कूस बदलली जात होती का, प्रथिने पोटात जात होती का, ओली चादर किती वेळ अंगाखाली राहिली, हे सगळे मग ओघानेच विचारले जाते. वय झाले होते, एवढे म्हणून सुटका होत नाही. जुन्या फॉर्मात जखमा टाळण्याचे लेखी धोरण फाइलीत असले की काम भागत असे.

ओळ ३. दाखल झाल्यापासून १४ दिवसांत, प्रकृतीत लक्षणीय बदल झाल्यावर, आणि निदान १२ महिन्यांतून एकदा प्रत्येक रहिवाशाचे सर्वांगीण मूल्यमापन व्हावे. दर तीन महिन्यांनी ते पडताळावे.

यासाठी देशभर एकच प्रश्नावली वापरतात. तिला सगळे 'एमडीएस' म्हणतात. स्वतः जेवतो का, पडला का, वजन घटले का, मन उदास आहे का, लघवीवर ताबा आहे का. अंथरुणावरून उठताना लागणाऱ्या मदतीपासून स्मरणशक्तीपर्यंत सारे त्यात येते, आणि वृद्धांच्या शुश्रूषेची इतकी एकसारखी माहिती कागदावर आणल्याबद्दल या ओळीचे ऋण मोठे आहे.

पण या प्रश्नावलीवर तीन ओझी लादली गेली. काळजीची योजना तिच्यावरून ठरते. १९९८ पासून मेडिकेअर संस्थेला किती पैसे देणार हेही तिच्यावरून ठरते. आणि संस्थेच्या गुणवत्तेचे जाहीर आकडे बव्हंशी तिच्यातूनच निघतात. भरणारी संस्थाच. रहिवासी जितका परावलंबी दाखवावा तितके पैसे अधिक, आणि त्याच्या जखमा जितक्या कमी दाखवाव्यात तितके नाव चांगले, अशा दोन विरुद्ध मोहांमध्ये बसून नर्सने तो फॉर्म भरायचा. जाणूनबुजून खोटी नोंद करणाऱ्याला कायद्याने मूल्यमापनामागे १,००० डॉलरपर्यंत आणि दुसऱ्याकडून तशी नोंद करवून घेणाऱ्याला ५,००० डॉलरपर्यंत दंड ठेवला. करवून घेणाऱ्याचा दंड पाचपट. हे प्रमाण लिहिणाऱ्याला कारभार आतून ठाऊक असावा.

ओळ ४. रहिवाशांच्या गरजा भागवण्यास पुरेशी शुश्रूषा-सेवा चोवीस तास असावी. आठवड्याचे सातही दिवस, दिवसातून किमान सलग ८ तास नोंदणीकृत परिचारिका हजर असावी.

सबंध कायद्याचा भार या ओळीवर आहे आणि हीच सर्वांत कच्ची आहे.

आठ तासांचा हिशेब करून पाहावा. शंभर रहिवाशांच्या संस्थेत एक नोंदणीकृत परिचारिका आठ तास असेल, तर एका रहिवाशाच्या वाट्याला दिवसाला पाच मिनिटेही येत नाहीत. आणि संस्था चाळीस रहिवाशांची असो की दोनशेंची, आठाचे आठच. उरलेल्या सोळा तासांत तिच्यापेक्षा कमी शिक्षणाची परवानाधारक परिचारिका चालते. प्रत्यक्ष अंघोळ, जेवण, संडास, कूस बदलणे ही कामे सहायिका करतात. आपल्या रुग्णालयांतल्या मावशींचे हे काम. त्या किती असाव्यात याविषयी कलम गप्प आहे. तिथे एकच विशेषण आहे: पुरेशी.

पूर्वपक्ष म्हणतो, विशेषणच योग्य आहे. एका संस्थेत गुडघे बदललेले चालते-फिरते लोक असतील, दुसरीत श्वासयंत्रावरचे. दोघांना एकच आकडा कसा लावणार? शिवाय आकडा ठरला की संस्था तेवढ्यावरच थांबतील, किमान हेच कमाल होऊन बसेल.

या म्हणण्यात तथ्य आहे, पण तपासणीच्या अंगाने पाहिले तर ते टिकत नाही. 'पुरेसे नाही' हे सिद्ध करायला तपासनिसाला आधी काहीतरी बिघडलेले दाखवावे लागते: जखम झाली, कोणी पडले, हाक मारून तासभर कोणी आले नाही. म्हणजे इजा आधी आणि मनुष्यबळाचा दोष नंतर, तोही सिद्ध झाला तर. आकडा असता तर हजेरीपट पाहून इजेच्या आधीच बोट ठेवता आले असते. २००१ साली सरकारनेच करवून घेतलेल्या अभ्यासाने दीर्घकाळ राहणाऱ्यांसाठी दिवसाला माणशी सुमारे ४.१ तासांची रेघ दाखवली होती. तिच्याखाली काळजी घसरत जाते असे निष्कर्षात होते. पुढे वीस वर्षे त्या आकड्याचे काही झाले नाही.

२०२४ साली अखेर नियम आला: दिवसाला माणशी ३.४८ तास, त्यांत नोंदणीकृत परिचारिकेचे ०.५५ आणि सहायिकेचे २.४५, शिवाय नोंदणीकृत परिचारिका चोवीस तास. संस्थांच्या संघटना न्यायालयात गेल्या. ग्रामीण भागात माणसे मिळत नाहीत आणि मेडिकेडच्या दरात पगार परवडत नाहीत, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ७ एप्रिल २०२५ रोजी टेक्ससमधल्या केंद्रीय न्यायालयाने नियमाचे मुख्य भाग रद्द केले. कारण काय, तर कायदेमंडळाने आठ तास म्हटलेले असताना प्रशासनाने चोवीस म्हणणे अधिकाराबाहेरचे. रहिवाशाच्या रक्षणासाठी घातलेली किमान अट अशी त्याच्याविरुद्ध कामाला आली. त्याच वर्षी जुलैमध्ये काँग्रेसने नियमाची अंमलबजावणी २०३४ पर्यंत थांबवली.

ओळ ५. सहायिकेने निदान ७५ तासांचे प्रशिक्षण घेतलेले असावे आणि तिची क्षमता तपासलेली असावी.

रुजू झाल्यापासून चार महिन्यांत हे पुरे व्हावे लागते. कॅलिफोर्नियासारखी राज्ये १६० तास मागतात. ७५ तास म्हणजे जेमतेम दोन आठवड्यांचे काम. १९८७ पूर्वी केंद्राची काहीच अट नव्हती हे लक्षात घेतले तर ही पायरी मोठी, आणि तेव्हापासून ती तिथेच आहे.

ओळ ६. शिस्त लावण्यासाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी, वैद्यकीय लक्षणांवरील उपचाराला आवश्यक नसताना, शारीरिक वा रासायनिक बंधने लादली जाण्यापासून रहिवाशाला मुक्त राहण्याचा हक्क आहे.

बंधन म्हणजे खुर्चीला बांधलेला पट्टा, मनगटाला लावलेली पट्टी, स्वतःला काढता न येणारा छातीचा बंद. एके काळी ही दयेची गोष्ट समजली जाई. म्हातारा उठेल, पडेल, खुबा मोडेल. त्यापेक्षा बांधलेला बरा. पुढे अनुभव उलटा आला. बांधून ठेवल्याने पडणे टळत नव्हते. स्नायू सुकत होते, जखमा होत होत्या, आणि पट्ट्यातून निसटायच्या धडपडीत काहींचा जीवही गेला होता.

'सोयीसाठी' हे पद विधिकर्त्याने उघडपणे लिहिले, याचे कौतुक करावे. कोणाची सोय, हा प्रश्न त्यात गृहीतच आहे. या ओळीचा परिणाम मोजता येतो: १९९१ साली रोज शारीरिक बंधनात असणारे रहिवासी सुमारे २१ टक्के होते, २००७ पर्यंत ते ५ टक्क्यांच्या खाली आले. एखाद्या कलमाने सवय इतकी मोडल्याची उदाहरणे आरोग्याच्या क्षेत्रात थोडी आहेत.

रासायनिक बंधनाची कथा मात्र वेगळी चालली. स्मृतिभ्रंश झालेला माणूस संध्याकाळी अस्वस्थ होतो, ओरडतो, बाहेर निघतो. त्याच्याजवळ बसायला माणूस हवा. तो नसला की मनोविकारावरची गोळी पुढे येते. २०११ च्या अखेरीस दीर्घकाळ राहणाऱ्यांपैकी जवळजवळ २४ टक्क्यांना अशी औषधे चालू होती. २०१२ पासून मोहीम निघाली, आकडा १५ टक्क्यांच्या आसपास उतरला. पण मोजणीत एक सूट होती. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना या औषधांची खरीच गरज असते, म्हणून ते मोजणीतून वगळलेले. मग काही संस्थांत हे निदान वाढू लागले. तारुण्यात सुरू होणारा आजार ऐंशीव्या वर्षी, नर्सिंग होममध्ये दाखल झाल्यावर, फाइलीत उगवू लागला. केंद्राच्या महानिरीक्षक कार्यालयाने २०२२ च्या अहवालात यावर बोट ठेवले आणि जानेवारी २०२३ पासून अशा निदानांची खास पडताळणी सुरू झाली. पट्टा डोळ्यांना दिसतो, गोळी फाइलीत शोधावी लागते, आणि फाइल संस्थेच्या हातची असते.

याच ओळीवर सर्वोच्च न्यायालयाचा ८ जून २०२३ चा निकाल आहे. इंडियानातल्या एका सरकारी मालकीच्या संस्थेत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला अनेक मनोविकार-औषधे दिली गेल्याची तक्रार होती. रासायनिक बंधनापासून मुक्तता आणि बाहेर काढण्यापूर्वी सूचना मिळणे, हे नागरिकाने स्वतः न्यायालयात बजावून घ्यावेत असे हक्क आहेत, असे सात विरुद्ध दोन मतांनी ठरले. हा मार्ग सरकारी संस्थांपुरताच आहे. आणि तिथल्या बहुसंख्य नर्सिंग होम खाजगी, नफ्याच्या आहेत.

ओळ ७. प्रत्येक संस्थेची ठराविक तपासणी व्हावी आणि ती संस्थेला कसलीही पूर्वसूचना न देता व्हावी. वेळ वा तारीख कळवणाऱ्या व्यक्तीला २,००० डॉलरपर्यंत दंड व्हावा.

दंड 'व्यक्तीला' आहे. तपासनीस, त्याच्या कचेरीतला कारकून, कोणीही. फोन करून 'उद्या येताहेत हं' म्हणणारा माणूस प्रत्येक देशात असतो, आणि हे कलम त्याला उद्देशून आहे.

याविरुद्ध संस्थांचे एक म्हणणे ऐकण्यासारखे आहे. चार-पाच तपासनीस चार-पाच दिवस राहतात, मोजक्या कर्मचाऱ्यांपैकी निम्मे कागद शोधण्यात अडकतात, आणि त्याचा भुर्दंड रहिवाशांना पडतो. तो त्रास खराच. पण सूचना देऊन केलेल्या तपासणीत जेवणघर, हजेरीपट आणि चेहरे सगळेच त्या दिवसापुरते असतात.

ओळ ८. तपासणीत रहिवाशांचा प्रातिनिधिक नमुना घेऊन त्यांना मिळणारी काळजी, त्यांचे मूल्यमापन, त्यांची योजना आणि त्यांचे हक्क पडताळावेत. पथकात नोंदणीकृत परिचारिका असावी, आणि गेल्या दोन वर्षांत त्या संस्थेत काम केलेले कोणी नसावे.

'स्मिथ विरुद्ध हेकलर'चे ऋण इथे फिटते. तपासनीस आता माणसांची यादी घेऊन आत शिरतो. रहिवाशाच्या खोलीत बसून त्याच्याशी बोलतो, जखमेची मलमपट्टी होताना पाहतो, औषधे देणाऱ्या नर्समागे फिरून चुका मोजतो, जेवणाच्या वेळी कोणाचे ताट न उघडता परत जाते ते टिपतो. मग त्या माणसाची फाइल उघडतो आणि दोन्ही जुळतात का ते बघतो.

आपल्या घरचा कायदा इथे शेजारी ठेवावा. १९४९ चा मुंबई नर्सिंग होम नोंदणी कायदा, जो आज महाराष्ट्राच्या नावाने चालतो, तो खाजगी रुग्णालयांसाठी आहे आणि त्याचा साचा १९२७ च्या इंग्लिश कायद्याचा. त्याचे नववे कलम आरोग्य अधिकाऱ्याला कोणत्याही वाजवी वेळी आत जाऊन जागा व कायद्याने ठेवायच्या नोंदी तपासू देते. मात्र कोणत्याही रुग्णाची वैद्यकीय नोंद तपासण्याचा अधिकार या कायद्याने मिळतो असे समजू नये, असे तेच कलम पुढे बजावते. हेतू गोपनीयतेचा, डॉक्टर-रुग्ण नात्याच्या आदराचा. फलित असे, की त्या कलमाच्या बळावर अधिकारी खाटांमधले अंतर मोजू शकतो. खाटेवरच्या माणसावर कोणते उपचार झाले, ते कागदावरून ताडून पाहू शकत नाही. नोंदणी नाकारण्याच्या कारणांत प्रशिक्षित परिचारिकांचे 'योग्य प्रमाण' नसणे हेही आहे. चौथ्या ओळीतल्या 'पुरेशी'ची ही सख्खी बहीण.

ओळ ९. दोन तपासण्यांमध्ये १५ महिन्यांहून अधिक अंतर नसावे आणि राज्यभरातील सरासरी अंतर १२ महिन्यांहून अधिक नसावे.

सातव्या ओळीने लपवलेली तारीख ही ओळ अर्धीमुर्धी उघडी करते. मागची तपासणी मार्चमध्ये झाली असेल, तर पुढच्या जानेवारीपासून संस्था सावध होते. तिथले कर्मचारी म्हणतात, 'आपली विंडो उघडली.' मग रंगरंगोटी होते, अर्धवट फाइली पुऱ्या होतात, सुट्ट्या रद्द होतात. हा नुसता वहीम नाही. पगाराच्या नोंदींवरून केलेला एक अभ्यास २०१९ साली 'हेल्थ अफेअर्स'मध्ये आला. तपासणीच्या दिवसांभोवती कर्मचाऱ्यांची संख्या वाढते आणि तपासनीस गेल्यावर उतरते, असे त्यात दिसले. शनिवार-रविवारी तर ती नेहमीच कमी.

यावर उपाय म्हणून निदान १० टक्के तपासण्या संध्याकाळी, पहाटे किंवा सुटीच्या दिवशी सुरू कराव्यात असा दंडक आहे. माझ्या मते १० हा आकडा शोभेचा आहे. माणसे रविवारी रात्री पडतात आणि तपासनीस मंगळवारी सकाळी दहाला येतो, हे गणित दहात एका अपवादाने सुटत नाही. तक्रारीवरून होणाऱ्या तपासण्या वेगळ्या, त्यांना विंडो नसते. म्हणून जाणते वकील आणि नातेवाईक आधी तक्रारींचे अहवाल वाचतात.

मार्च २०२० मध्ये कोविड आला तेव्हा ठराविक तपासण्या थांबवण्यात आल्या, फक्त संसर्गाच्या आणि गंभीर तक्रारींच्या चालू राहिल्या. त्याच महिन्यात नातेवाइकांच्या भेटीही बंद झाल्या. कलमात ज्याचा उल्लेख तपासनीस म्हणून नाही, असा रोजचा तपासनीस म्हणजे दुपारी डबा घेऊन येणारी मुलगी. आईच्या नखांत मळ आहे, पाण्याचा पेला हाताला पोचत नाही, हे सरकारी पथकाच्या आधी तिला दिसते. ती दाराबाहेर राहिली. तपासण्यांचा अनुशेष पुढे कित्येक राज्यांत वर्षानुवर्षे फिटला नाही, कारण तपासनिसांच्याच जागा रिकाम्या होत्या.

ओळ १०. राज्यांनी केलेल्या तपासण्यांची पडताळणी म्हणून केंद्राने दरवर्षी प्रत्येक राज्यातील निदान ५ टक्के, आणि पाचांहून कमी नाही इतक्या, संस्था स्वतः तपासाव्यात.

तपासनिसाला कोण तपासणार, याची तरतूद. २००८ साली अमेरिकेच्या लेखातपासणी कार्यालयाने अशा सहा वर्षांच्या तुलनात्मक तपासण्या चाळल्या. सुमारे १५ टक्के वेळा राज्याच्या पथकाच्या नजरेतून निदान एक अतिगंभीर दोष, म्हणजे प्रत्यक्ष इजेचा किंवा जीवावरचा, निसटला होता. त्याहून हलके दोष निसटण्याचे प्रमाण होते ७० टक्के.

ओळ ११. दोष आढळल्यास त्याच्या गांभीर्यानुसार नव्याने दाखल होणाऱ्यांचे पैसे रोखणे, दररोज १०,००० डॉलरपर्यंत दंड, तात्पुरता प्रशासक, किंवा करार संपवणे, यांपैकी योग्य ती कारवाई व्हावी.

१९८७ पूर्वी सरकारच्या हाती जवळजवळ एकच शस्त्र होते: मेडिकेअर-मेडिकेडचा करार तोडणे. ते उगारणे अवघड, कारण मग दोनशे अंथरुणाला खिळलेली माणसे कुठे हलवायची? म्हणून मधल्या पायऱ्या आल्या. १९९५ पासून प्रत्येक दोषाला 'ए' ते 'एल' अशा बारा अक्षरांपैकी एक अक्षर मिळते: किती रहिवाशांना लागू आणि किती गंभीर, यावरून. शेवटची तीन अक्षरे तात्काळ धोक्याची.

या कोष्टकातली गोम मधल्या अक्षरांत आहे. इजा झालेली नाही पण होऊ शकते, या वर्गात बहुतेक दोष जाऊन पडतात आणि त्यांना सहसा दंड होत नाही. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत ८२ टक्के संस्थांवर संसर्ग-नियंत्रणाचा दोष निदान एकदा नोंदला गेला होता. हात न धुणे, आजारी माणसाला वेगळे न ठेवणे. जवळजवळ सगळे 'गंभीर नाही' या घरात. २०२० मध्ये तेच दोष जीवघेणे ठरले.

दोषपत्र मिळाले की संस्थेने दहा दिवसांत सुधारणेची योजना द्यायची. या योजनांचा पहिला परिच्छेद बहुधा ठरलेला असतो: ही योजना सादर करणे म्हणजे दोष कबूल करणे नव्हे. वकिलाचा हात तिथेच ओळखू येतो. तीन महिन्यांत सुधारणा नसेल तर नव्या रहिवाशांचे पैसे बंद, सहा महिन्यांत नसेल तर करार बंद. प्रत्यक्षात संस्था मुदतीच्या आत सावरते, पुढच्या वर्षी पुन्हा घसरते, पुन्हा सावरते.

ओळ १२. तपासणीचे निष्कर्ष लोकांना उपलब्ध करावेत. संस्थेने ते रहिवासी व त्यांचे नातेवाईक सहज पाहू शकतील असे ठेवावेत.

नियमाप्रमाणे ते मागावे लागू नयेत. प्रवेशाजवळ जाड फाइल टांगलेली असते, तिच्यात 'ट्वेंटी-फाइव्ह सिक्स्टी-सेव्हन' या क्रमांकाने ओळखले जाणारे दोषपत्र असते. रहिवाशांची नावे त्यात नसतात, 'रहिवासी १', 'रहिवासी २' असे असते. पण काय घडले ते तारीख-वेळेनिशी सांगितलेले असते, आणि ते वाचायला सरळ इंग्रजी आले की पुरे. आई-वडिलांसाठी जागा शोधणाऱ्या तिथल्या मराठी घरांनी माहितीपत्रकातल्या बागेच्या फोटोआधी ही फाइल वाचावी.

१९९८ पासून हे निष्कर्ष सरकारच्या संकेतस्थळावर येऊ लागले आणि डिसेंबर २००८ पासून प्रत्येक संस्थेला एक ते पाच तारे मिळू लागले. तारे तीन घटकांचे: तपासणी, मनुष्यबळ, गुणवत्तेची मापे. बरीच वर्षे यांतला तपासणीचा भागच काय तो बाहेरच्या माणसाने पाहिलेला असे. मनुष्यबळाचा आकडा संस्था स्वतः, तपासणीच्या सुमाराच्या पंधरवड्यापुरता, लिहून देत असत. २०१६ च्या मध्यापासून तो पगारपत्रकाच्या नोंदींवरून घ्यायला सुरुवात झाली. आता कोणत्या तारखेला किती तास नोंदणीकृत परिचारिका होत्या आणि किती तास सहायिका, हे संस्थेगणिक जाहीर होते. चौथ्या ओळीत जो आकडा कायद्याने लिहायचे टाळले तो असा दिवसागणिक मोजला जातो, अट म्हणून नव्हे तरी माहिती म्हणून. त्यात शनिवार-रविवारचा रकाना वेगळा असतो. संस्था निवडताना तो आधी पाहावा, आणि तारे नंतर.